बसायचे पैसे लागत नाहीत

(खाण्याच्या धंद्याला लोकांच्या बैठकीची जोड देता येईल का, असं विचारणारी पत्रं आली होती. त्यातले निवडक प्रश्न आम्ही नागपूरच्या प्रतापनगर भागात जेवणघर आणि बैठकीची जागा चालवणाऱ्या एका उद्योजिकेकडे दिले. उत्तरं त्यांच्याच शब्दांत.)

प्रश्न : मी घरून डबे देते. सध्या बावीस डबे आहेत. घराजवळ एक गाळा भाड्याने मिळतो आहे. तिथे जेवण मिळेल आणि बायका-मुलींना, म्हाताऱ्या माणसांना निवांत बसता-बोलता येईल अशी जागा करावी असं फार मनात आहे. पण घरचे म्हणतात, लोक एका चहावर तीन तास बसतील आणि तू बुडशील.
– एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : ताई, लोक तीन तास बसतीलच. बसावेत म्हणून तर जागा करायची. फक्त ते दिवसातल्या कोणत्या तीन तासांत बसतात, हे तुम्ही ठरवायचं.

आमच्याकडे सकाळी साडेसातला तर्री पोहे, म्हणजे वरून तिखट रस्सा घातलेले पोहे, सुरू होतात. पोह्यांसाठी नागपूरचा माणूस बसत नाही. उभ्या उभ्या खातो, ‘अजून थोडी तर्री टाका’ म्हणतो आणि कामाला लागतो. साडेदहाला ते आवरतं. बारा ते अडीच जेवण. तेव्हा दाराशी माणसं उभी असतात, म्हणून जेवण झालं की जागा रिकामी करा असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्यात कोणाला राग येत नाही, कारण बाहेर उभा असलेला माणूस सगळ्यांना दिसत असतो. जागेचं भाडं, पगार, गॅस, वीज हे सगळं या दोन वेळांतून निघालंच पाहिजे. निघत नसेल तर बैठकीचा विचारसुद्धा करू नका, आधी जेवण नीट बसवा.

तीन ते सहा या वेळात भट्टी तशीही बंद असते. भांडी घासून पालथी झालेली, पोळ्यावाल्या मावशी जरा आडव्या झालेल्या. तेव्हा बाकांवर पंधरा माणसं बसली काय आणि एकही नसलं काय, माझा जास्तीचा खर्च पंख्याचा आणि कूलरचा. म्हणून त्या वेळात बसायचे पैसे लागत नाहीत. चहा घ्या, नका घेऊ, कोणी येऊन विचारणार नाही. आमच्या जागेचा सगळा जीव याच तीन तासांत आहे आणि तो जपण्यासाठी मी सकाळ-दुपारच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही.

आता हिशेब. डबे देताना आपण बायका एक चूक हमखास करतो. सामानाचा खर्च धरतो, स्वतःच्या हातांचा धरत नाही. एक थाळी घेऊन दाखवते. आमची पातोडी रस्स्याची थाळी ११० रुपयांची आहे. बेसन ६ रुपये, तेल ४, वाटण आणि मसाला ९, कांदा-लसूण-सांबार (म्हणजे कोथिंबीर) ४, कणिक ५, तांदूळ ५, कोशिंबीर आणि लोणचं ४. झाले ३७. सामान किमतीच्या एक तृतीयांशात बसलं पाहिजे, हा माझा ठोकताळा. उरलेल्या ७३ रुपयांत पगार, भाडं, गॅस, वीज, फुटलेल्या वाट्या आणि तुमचा स्वतःचा पगार. बेसन महागलं की मी थाळी लहान करत नाही, फळ्यावरची किंमत बदलते. लोकांना किंमत वाढलेली समजते, पण पातोडी चारची तीन झालेली त्यांच्या मनाला लागते.

पातोडीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नव्या जागेने असे पदार्थ निवडावेत, ज्यांचं अवघड काम गर्दीच्या आधीच उरकून जातं. बेसन पाण्यात कालवून फोडणीत घालायचं आणि घट्ट गोळा होऊन कढईची कड सोडेपर्यंत घोटायचं. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं, कारण गार झालं की भेगा पडतात. वरून खोबरं, खसखस, सांबार, आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापून ठेवायचं. हे सगळं अकराच्या आत. रस्सा वेगळ्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळत राहतो. गिऱ्हाईक बसलं की वाटीत पातोड्या मांडून वरून रस्सा घालायचा. पातोडी रस्स्यातच टाकून ठेवली तर अर्ध्या तासात फुगते आणि काठ विरघळून रस्सा पिठूळ होतो. गर्दीच्या वेळेला फक्त वाढायचं काम उरलं, तर दोन बायका चाळीस माणसांना जेवू घालू शकतात. भरल्या वांग्याचंही तसंच. पण गोळाभात दुपारच्या गर्दीत ठेवू नका, तो गरम गरम आणि वरून फोडणीच्या तेलासकट खाण्याचा पदार्थ आहे. आम्ही तो रविवारीच करतो, ठरावीक माणसांसाठी, आदल्या दिवशी सांगणाऱ्यांना.

बावीस डबे बंद करू नका. गाळा चालेपर्यंत तेच तुम्हाला तारतील.

प्रश्न : गाळा निवडताना काय पाहावं?
– एक वाचक, वाडी

उत्तर : मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन आत उभे राहा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेकडे शटर असलेल्या आणि वर नुसते टिनाचे पत्रे असलेल्या गाळ्यात कोणीही बसणार नाही, मग तुम्ही भाड्यात कितीही वाचवा. कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण त्याला समोरून हवा बाहेर जायला वाट लागते. एकच दार असलेल्या खोलीत कूलर लावला की तासाभरात दमट होतं. स्वयंपाकघराची वाफ बैठकीत येता कामा नये, तिला वेगळा एक्झॉस्ट हवा. टाकीचं पाणी किती वेळ पुरतं ते शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नाही. आणि बायकांना वापरता येईल असं, आतून कडी लागणारं, दिवा असलेलं स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर म्हाताऱ्या बाया आणि पोरी अर्ध्या तासात उठून जातात. मी जागा बघायला जाते तेव्हा आधी हे बघते, मग ओटा.

प्रश्न : भांडवल कुठून आणावं? माझ्या नावावर घर नाही, शेत नाही. सोनं मोडायचं नाही असं ठरवलं आहे.
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : सोनं मोडू नका, बरोबर ठरवलंत. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेत तारण लागत नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि पूर्ण फुकट आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. बँकेत जाताना डब्यांच्या हिशेबाची वही न्या. ज्या बाईचे पैसे खात्यात दर महिन्याला दिसतात, तिच्याशी बँकेतला माणूस वेगळं बोलतो. म्हणून डब्याचे पैसे आजपासूनच स्वतःच्या खात्यात घ्यायला लागा.

हा रस्ता आपल्या आधीच्या बायकांनी पाडलेला आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायका तिथे आधीही होत्या, स्वयंपाकही होता, नव्हता तो नीट व्याजाने मिळणारा पैसा. एखादी बाई ‘आमचं कोण ऐकतं’ म्हणाली की मी तिला ही गोष्ट सांगते.

कर्जाचा पैसा भट्टी, गंज, फ्रीज यांवरच घाला. भिंतीवरची चित्रं आणि रंगीत दिवे पुढच्या वर्षी. भांडी इतवारीत वजनावर मिळतात, जुनी पण जाड बुडाची घ्या. किराणा मस्कासाथला, भाजी कॉटन मार्केटला पहाटे. मिरची मात्र वर्षाची एकदम घ्या, आणि भिवापुरी मिळाली तर सोडू नका.

प्रश्न : मी कामठीची. अशी जागा काढली तर दोन गोष्टींची भीती वाटते. एक, पुरुषच बसतील आणि बायका येणार नाहीत. दुसरी लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते : स्वयंपाक कोण करतं, असं लोक विचारतात. त्याचा अर्थ मला कळतो. त्याला काय उत्तर द्यायचं?
– एक तरुण वाचक

उत्तर : संकोच तुम्ही करायचा नाही. विचारणाऱ्याने करायचा.

तुम्ही कामठीच्या, म्हणून आधी जाईबाई चौधरींविषयी सांगते. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान त्यांनी हमाली केली, मग शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद आपल्याच शहरात भरली. शिकलेल्या, सभा-संमेलनात वावरणाऱ्या बायकांची परिषद. जेवणाच्या वेळी जाईबाईंना त्यांच्या जातीमुळे तिथे वेगळं बसवलं गेलं. नागपुरातल्या दलित बायकांनी त्या अपमानाच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ ला सभा घेतली. स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं करून झाल्यावर त्याच स्त्रिया पंगतीत येऊन अडल्या, हे मी विसरू शकत नाही. आमच्याकडे चौघांची टेबलं नाहीत, एक लांब टेबल आणि दोन्ही बाजूंनी बाकं आहेत, त्याचं कारण हेच. येणाऱ्याने जिथे जागा असेल तिथे बसायचं. शेजारी कोण आहे हे आपण ठरवायचं नाही.

‘स्वयंपाक कोण करतं’ असं आमच्याकडेही विचारतात. कधी सरळ, कधी ‘मावशी कुठल्या हो तुमच्या?’ असं आडून. फळ्यावर रोज पदार्थांच्या खाली त्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्यांची पहिली नावं लिहिलेली असतात. आडनाव विचारलं की मी सांगते, ‘ते आम्ही सांगत नाही. भाजीत काय आहे ते विचारा, सगळं सांगीन.’ आवाज चढवत नाही आणि हसूनही घेत नाही. हसून घेतलं की समोरच्याला वाटतं, आपण एका मताचे आहोत. काही माणसं परत आली नाहीत. जी आली ती पूर्ण आली.

यात एक गल्लत होते, ती टाळा. बुधवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे सावजी पद्धतीचं मटण आणि अंडाकरी असते. त्याची भट्टी, गंज, पळ्या वेगळ्या आहेत. शाकाहारी माणसाला आपल्या ताटात काय आलं याची खात्री हवी असते आणि ती द्यायलाच हवी. पदार्थासाठी भांडं वेगळं ठेवणं हा स्वयंपाकघराचा नियम झाला. माणसासाठी पेला वेगळा ठेवणं मी माझ्या छताखाली होऊ देणार नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं कोणी समजावू लागलं तर ऐकून घेऊ नका.

दसऱ्याच्या सुमाराला, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. आमची जागा तिथून लांब नाही. त्या दिवसांत आम्ही थाळी बंद ठेवतो आणि पोळी, आलूची कोरडी भाजी, चटणी एवढंच सामानाच्या खर्चात देतो. गावाकडून आलेल्या बाया लेकरांना घेऊन बाकांवर टेकतात, पाण्याच्या बाटल्या भरून घेतात. त्या दिवसांत तीन ते सहाचं बंधन नसतं. कमाई शून्य होते आणि ती मी वर्षाच्या हिशेबात आधीच धरलेली असते.

आता पुरुषांचं. पहिल्या महिन्यात जे बसतील, ती जागा त्यांची होते. म्हणून सुरुवातीलाच बायकांच्या एखाद्या मंडळाला दुपार देऊन टाका. आमच्याकडे आधी आल्या त्या जवळच्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाया. दोन कामांच्या मधल्या वेळात त्यांना टेकायला जागा नव्हती, कोणाच्या तरी जिन्यात बसून डबा खायच्या. त्या बसायला लागल्या, मग शिकवणीला जाणाऱ्या मुली आल्या, मग सेवानिवृत्त बाई आल्या, त्यातल्या एक जणी आता मुलींना गणित सांगतात. पुरुषही येतात, नीट बसतात. सिगरेट आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) दाराबाहेर. खर्‍याच्या बाबतीत मी फार कडक आहे, एकदा थुंकलेलं दिसलं की त्या माणसाला जागा बंद.

प्रश्न : कोणकोणते परवाने लागतात?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. तो घरून डबे देणाऱ्यांनाही लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो. दुकान नोंदणी, म्हणजे आपण गुमास्ता म्हणतो ती. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना देऊन भागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच, घरचा लाल सिलिंडर वापरणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. वीज मीटर व्यावसायिक करून घ्या. काम करणाऱ्यांची आरोग्य तपासणी आणि पाण्याची तपासणी करून कागद फाईलला लावा. हे सगळं तुमच्या नावावर असू द्या, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझी मेस चांगली चालते. आता बैठकीची खोली जोडायची आहे. यजमान म्हणतात, तू स्वयंपाक बघ, गल्ला आणि बाहेरचे व्यवहार मी बघतो. नाही म्हणणं जड जातं.
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : जड जातं, मला ठाऊक आहे. तरी गल्ला देऊ नका.

यात तुमच्या यजमानांवर अविश्वास नाही. ज्याच्या हातात गल्ला असतो, तोच ठरवतो की तीन ते सहा पंखा चालू ठेवायचा की नाही, धुणीभांडी करणाऱ्या बाईला चहा न घेता बसू द्यायचं की नाही. पैसा दुसऱ्याच्या हातात गेला की तुमची बैठकीची खोली सहा महिन्यांत वाढदिवसाचा हॉल होते. वाईट हेतूने नाही, सरळ हिशेबाने होते. हॉलचं भाडं दिसतं, बैठकीचं काही दिसत नाही. ती का हवी आहे हे तुम्हालाच माहीत आहे, म्हणून खर्च तुम्हीच ठरवायचा.

यजमानांना काम द्या, आणि पगारही द्या. आमच्याकडे हे पहाटेची भाजी आणतात, त्यांचा महिन्याचा आकडा ठरलेला आहे. माझाही. दर पाच तारखेला सगळ्यांचे पगार होतात, त्यात माझा पगार आधी माझ्या खात्यात जातो. सुरुवातीला सासूबाईंना हे विचित्र वाटलं. मग त्या दुपारी येऊन सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया, करायला शिकवू लागल्या, नव्या सुनांना कोणी शिकवत नाही म्हणून. आता त्यांचाही आकडा ठरला आहे. सासूबाई तो दर महिन्याला मोजून घेतात.

प्रश्न : दुपारच्या वेळी कोणाला कार्यक्रम करू द्यायचा हे कसं ठरवता? आमच्या वाचकगटाला जागा हवी आहे.
– एक सेवानिवृत्त शिक्षक, लक्ष्मीनगर

उत्तर : सर, जरूर या. नियम थोडे आहेत. पैसे घेत नाही. दाराशी वही आहे, त्यात वार आणि वेळ लिहायची. गटाने आपल्याबरोबर बाहेरच्या कोणालाही बसू द्यायचं, ‘आमच्या सभासदांपुरतं’ चालत नाही. निघताना बाकं जागेवर लावून, पेले विसळून जायचं. निवडणुकीचा प्रचार आणि वस्तू विकण्याचे मेळावे होत नाहीत. माइक नाही, कारण वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे आणि शेजाऱ्यांच्या जिवावर बैठक चालवायची नसते. भजन, कविता, कायद्याची माहिती, विणकाम, सगळं होतं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही बंद असतो, मदतनिसांना मिरवणुकीला महाल-इतवारीत जायचं असतं आणि मलाही.

वाचकगटासाठी मंगळवार मोकळा आहे. गुरुवारी गणिताच्या मुली असतात, पण त्या अर्धं टेबल देतील.

प्रश्न : तुमची जागा येऊन पाहता येईल का? काही दिवस काम करून शिकायची तयारी आहे.
– एक वाचक, उमरेड

उत्तर : या. सकाळी साडेसहाला पोचलात तर तर्री कशी चढते ते दिसेल, काळा मसाला आणि तेल कधी वर येतं ते सांगून कळत नाही. दुपारी वाढायला उभं राहावं लागेल. काम केलंत त्या दिवसांची मजुरी मिळेल, फुकट कोणाला राबवत नाही. सोमवारी येऊ नका, त्या दिवशी आम्ही किराणा भरतो. येताना तुम्हाला जमतात त्या तीन पदार्थांचा हिशेब लिहून आणा, तेल आणि तुमचे हात धरून. तीन वाजता बसून तपासू.